ठेका कुणाकडे?

उज्जैनचा घोटा

'बंदी' हा विषय संपादकांनी दिला, आणि दारूबंदीवर लिहिणारे पुष्कळ आहेत तेव्हा तुम्ही गांजाचं बघा, असं वर सुचवलं. गांजा कायदेशीर करावा का, हा वाद हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत निकाली निघतो. एका बाजूला 'शंभोचा प्रसाद', दुसऱ्या बाजूला 'पिढी बरबाद'. मी म्हटलं, वाद घालण्याआधी जिथे हीच वनस्पती सरकारी परवान्याने उघड विकली जाते ते दुकान तरी पाहून यावं. त्यासाठी थायलंड-कॅनडाला जायची गरज नाही. उज्जैन पुरतं.

महाकालाला भांगेचा शृंगार होतो हे महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंना ठाऊक असतं. दर्शन झालं की त्यातले काही जण भांगेच्या दुकानाचा रस्ता विचारतात. मी गेलो ते दुकान रसवंतीपेक्षा मोठं नव्हतं. गल्ल्यामागे देवाचा फोटो, शेजारी आबकारी खात्याचा परवाना, स्टीलच्या पिंपात दूध, आणि परातीत ओल्या फडक्याखाली गडद हिरवा गोळा. वाळलेली पानं आधी भिजवायची, पाणी निवळेपर्यंत चार-पाचदा धुवायची, मग मिरी, बडीशेप, मगज आणि थोडे बदाम घालून वाटायची. दगडी पाटा दर्शनी ठेवला होता. वाटण मात्र मागच्या खोलीत मिक्सरवर चाललं होतं. "पाटा फोटूसाठी," दुकानदार म्हणाला.

माझ्यापुढे जळगावकडचं एक कुटुंब उभं होतं. काकांना मोठा ग्लास हवा होता. काकू म्हणाल्या, "अहो, गाडी कोण चालवणार आहे?" दुकानदाराला मराठी पुरतं कळत होतं. त्याने काकांना विचारलं, "पहली बार?" काकांनी नाही म्हणून मान हलवली, काकूंनी हो म्हणून. त्याने काकूंचं ऐकलं, अर्धाच ग्लास दिला आणि बजावलं की तासभर काही वाटलं नाही तरी दुसरा मागायला येऊ नका.

त्या एका वाक्यात औषधशास्त्राचा बराच भाग येतो. गांजा ओढला की त्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, फुफ्फुसातून रक्तात उतरतं आणि काही मिनिटांत डोक्यात जातं, त्यामुळे ओढणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं. भांग पोटातून यकृतामार्गे जाते. तिला तास-दीड तास लागतो, आणि एकदा चढली की सहा-आठ तास उतरत नाही. नवखा माणूस अर्ध्या तासाने 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा ग्लास मारतो आणि रात्री नातेवाईक त्याला दवाखान्यात नेतात. होळीच्या दिवशी इस्पितळात असेही काही जण येतात.

धंदा कसा काय, असं विचारल्यावर दुकानदाराने तोंड वाकडं केलं. वर्षाची फी भरायची, वही ठेवायची, तपासनीस आला की ती दाखवायची. श्रावण, शिवरात्र आणि होळी सोडली तर गिऱ्हाईक ठरलेलं, म्हातारं होत चाललेलं. मुलगा बी.कॉम. करतोय, त्याला मोबाइलचं दुकान टाकायचंय. जाहिरात नाही, नवा 'फ्लेवर' नाही, सवलत नाही. इतकं कंटाळवाणं नशेचं दुकान मी दुसरं पाहिलेलं नाही. हा कंटाळा मला पुढच्या सगळ्या प्रवासात आठवत राहिला, कारण या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे असं मला वाटू लागलं होतं.

पान सुटलं, फूल अडकलं

भांग सुटली कशी? १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांवरचा एकत्रित करार झाला. त्यात 'कॅनाबिस' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, असं ठरलं. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. औषधाखेरीजचा वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ला, आपल्याकडे एनडीपीएस हा अमली पदार्थांवरचा कायदा लागू झाला, आणि त्याने हीच व्याख्या उचलली. चरस बंद, गांजा बंद, नुसतं पान मात्र राज्यांवर सोपवलं. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशात भांगेचे ठेके आहेत. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली भांगेलाही परवाना लागतो. होळीला मुंबई-पुण्यात 'स्पेशल' थंडाईचे जग फिरतात तेव्हा तो कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत 'अल्प' प्रमाण, वीस किलोच्या वर 'व्यापारी'. अल्प प्रमाणाला वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, आणि कलम ३७मुळे जामीन जवळजवळ अशक्य. सेवनालाच वेगळी शिक्षा आहे, कलम २७ची: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. लागवडीला प्रमाणाचा हिशेबच नाही. एक झाड लावलं काय किंवा एकरभर काय, कमाल शिक्षा दहा वर्षं.

या सगळ्याचा उपयोग किती? केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली आली. मागच्या वर्षभरात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी, बेकायदा गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी. चौतीस वर्षं बंदी असलेल्या मालाचं गिऱ्हाईक ठेक्यावर मिळणाऱ्या मालाच्या निम्म्याहून जास्त आहे. बंदीवाले म्हणतील बंदीने निदान आकडा रोखला. गांजावाले म्हणतील कसला रोखला! मला एवढंच दिसतं की ठेके उघडे असूनही भांग शंभरात दोघांपलीकडे गेलेली नाही.

तुरीच्या ओळीआड

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याहून निघालं की शिरपूरनंतर सातपुडा समोर उभा राहतो. पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. शिरपूर तालुक्याचं नाव केळी, कापूस आणि पाणी अडवण्याच्या कामासाठी ऐकलेलं असतं. धुळ्याच्या पेपरात ते आणखी एका कारणाने येतं: 'वनजमिनीवर गांजाची शेती उद्ध्वस्त'. पावसाळा सरला की अशा बातम्या सुरू होतात आणि हिवाळाभर चालतात, कारण झाड तेव्हा फुलोऱ्यावर येतं.

एका शाळेतले गुरुजी मला मोटारसायकलवरून पाड्यांकडे घेऊन गेले. वस्ती पावरा आणि भिल्लांची. जमीन डोंगरउताराची, काही वनहक्काच्या पट्ट्याची, काही अजून दाव्यात अडकलेली. छापा पडून गेलेला एक तुकडा त्यांनी लांबून दाखवला. तुरीच्या दोन ओळींमध्ये मोकळा पट्टा, उपटलेल्या मुळांचे खड्डे, कडेला जळाल्याचा काळा डाग. बाकी तूर तशीच उभी. लांबून बघणाऱ्याला काही गेलंय असं वाटूही नये.

पाड्यावरचा जो माणूस बोलायला तयार झाला, तो आपण लावत नाही असंच सांगत होता. लावणाऱ्यांबद्दल मात्र त्याला बारकाईने माहिती होती. बी बाहेरचा माणूस देतो. उचलही देतो. रोप वीत-दोन वीत झालं की नीट बघावं लागतं, नर ओळखून उपटावा लागतो, नाहीतर मादीला बी धरतं आणि मालाचा भाव जातो. राखण रात्रीची. मी विचारलं, कापूस आहे, मका आहे, मग हे कशाला? तो म्हणाला, "कापूस घेऊन गेलं तर भाव मी विचारतो. ह्याचा भाव सांगायला माणूस घरी येतो."

छापा पडला की पंचनामा होतो. झाडं मोजतात, तोलतात, नमुना प्रयोगशाळेत जातो, उरलेलं न्यायालयाच्या परवानगीने नष्ट होतं. जमीन वनखात्याच्या नावे असली तर आरोपी कोण, इथूनच घोळ. सातबाऱ्यावर नाव असेल तर तो माणूस सापडतो. बी देणारा आणि उचल देणारा कागदावर येतच नाही. तोलण्यातही गोम आहे. हिरवं झाड मुळं-खोड-पानांसकट काट्यावर ठेवलं की वीस किलोची रेघ सहज ओलांडली जाते, आणि माणूस थेट 'व्यापारी' होतो. व्याख्येत तर फक्त शेंडे आहेत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशाच मुद्द्यावर एका आरोपीला जामीन दिला: शेंड्यांपासून वेगळी न केलेली पानं-बिया वजनात धरून प्रमाण ठरवता येत नाही. तिथवर पोचायला वकील लागतो. पाड्यावरच्या माणसाकडे तो नसतो.

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागणारा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे केला होता. कुठल्याच पिकाला भाव नाही, आणि उत्तर आलं नाही तर परवानगी गृहीत धरून १६ सप्टेंबरपासून लागवड करीन, असं त्याने लिहिलं. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. असेलही. पण अर्जातला शेतीचा हिशेब कुणी खोडून काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

खंडव्याचं कोठार

सातपुडा ओलांडून पलीकडे निमाडात उतरलं की खंडवा. भुसावळहून इटारसीकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथून जाते आणि बहुतेकांना ते किशोरकुमारचं गाव म्हणून माहीत असतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ते गांजाचं गाव होतं, आणि तो गांजा सरकारी होता. मध्य प्रांतात गांजाची लागवड खंडवा तहसिलीपुरतीच मर्यादित ठेवलेली होती. शेतकऱ्याला परवाना. पीक निघालं की घरी ठेवायचं नाही, सरकारी देखरेखीतल्या कोठारात आणून घालायचं. तिथून परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याने कर भरून उचलायचं. इकडे मुंबई इलाख्यात नगर आणि साताऱ्याकडे पीक होतं. बंगालात राजशाहीजवळच्या नौगावला होतं, आणि तिथे नर झाडं ओळखून देणारा तज्ज्ञच फिरत असे. पाड्यावरचा माणूस जे काम रात्री करतो ते तो दिवसाढवळ्या, मजुरी घेऊन करायचा.

या व्यवस्थेची सगळी माहिती आपल्याला आहे ती एका चौकशीमुळे. इंग्लंडातल्या दारूविरोधी चळवळीचे खासदार विल्यम केन यांनी १८९३ साली पार्लमेंटात प्रश्न विचारला की हिंदुस्थानातल्या गांजाच्या व्यापाराची आणि लोकांवरच्या परिणामांची सरकार चौकशी करणार का? त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या: कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी, वैद्य, शेतकरी.

मला त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग फार आवडतो. रुग्ण दाखल करताना 'वेडाचं कारण' असा रकाना असे. पोलिसाला किंवा कारकुनाला तो भरणं भाग होतं. कारण माहीत नसेल आणि माणूस गांजा ओढणारा निघाला तर लिहून टाकायचं: गांजा. हेच शेरे पुढे आकडेवारीत जमा होऊन लंडनला पोचले. आयोगाने १८९२ सालची एकेक नोंद पुन्हा उघडली, घरच्यांना विचारलं, आणि निम्म्याहून अधिक ठिकाणी तो शेरा टिकला नाही. सगळीकडे टिकला नाही असं नव्हे. काहींना खरंच गांजाने बिघडवलं होतं.

१८९४च्या अहवालाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवनाने होतं. सरसकट बंदी नको. लागवड ठरावीक ठिकाणी बांधून ठेवा, कर वाढवा, दुकानं मोजकी ठेवा, घरी साठवायला मर्यादा घाला. गमतीची गोष्ट म्हणजे तिघा हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी, बहुमताशी आपलं जुळत नसल्याचं लेखी नोंदवलं. इंग्रज मोकळे आणि आपण कडक, किंवा याच्या उलट, अशी सोपी गोष्ट त्यातून निघत नाही. आजच्या गांजासमर्थकांना हा अहवाल तोंडपाठ असतो. फक्त कोठाराचं कुलूप आणि कर, हा भाग ते गाळतात.

'गुन्हा कबूल'

मुंबईच्या उपनगरातल्या एका दंडाधिकारी न्यायालयात मागच्या बाकावर बसलो होतो. ओपीडीतल्या पेशंटसारखी प्रकरणं पुढे सरकत होती. एका मुलाचं नाव पुकारलं. बावीस-तेवीसचा, पायात रबरी चप्पल, भाजी मार्केटात हमाली. पुलाखाली चिलीम ओढताना सापडला. पंचनाम्यात चिलीम, काडेपेटी, उग्र वास. वकील नाही.

"गुन्हा कबूल आहे?"

"हो साहेब."

दंड पुकारला गेला. त्याच्या मुकादमाने बाहेर पैसे मोजले आणि ते आता पगारातून वळते होणार हेही तिथेच सांगितलं. सगळं मिळून चहा संपायच्या आत झालं. बाहेर मी त्याला विचारलं, गुन्हा कबूल केला नसता तर? तो म्हणाला, "मग तारखा. तारखेला आलो की त्या दिवसाची हजेरी जाते."

'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ची अशी दहा हजारांहून अधिक प्रकरणं तपासली. जवळजवळ सगळी सेवनाची, त्यांतली बहुसंख्य गांजाची. धरलेले बरेचसे रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला. कायद्यात उपचाराला पाठवण्याची तरतूद आहे, कलम ३९ आणि ६४-अ. ती वापरल्याचं त्यांना दिसलं नाही.

याच शहरात २०२१च्या ऑक्टोबरात क्रूझवर छापा पडला, एका बड्या नटाचा मुलगा तुरुंगात गेला, आणि महिनाभर देश दुसरं काही बोलत नव्हता. त्याच्यासाठी उच्च न्यायालयात नामांकित वकील उभे राहिले, जामीन झाला, आणि पुढच्या मे महिन्यात आरोपपत्रात त्याचं नावच आलं नाही. पुरावा नसेल तर असंच व्हायला हवं. हमालाच्या पंचनाम्यावर मात्र कुणी बोट ठेवायला नव्हतं.

इतकं बघितल्यावर सेवनाला गुन्हा ठरवणं बंद करावं याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पण गांजा 'कायदेशीर' करणं हे त्याच्या पुढचं पाऊल आहे, आणि तिथे माझं पाऊल अडखळतं.

समुपदेशकांच्या खोलीत

अडखळायला लावलं ते पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी. तीस वर्षं हे काम करताहेत. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, काळापासूनची मुलं त्यांनी पाहिली. गांजा बंद केला म्हणून पोरं गर्दकडे वळली, हे वाक्य मी त्यांच्यासमोर टाकलं. त्या हसल्या. "गर्द कायद्याच्या आधीच आली होती हो. इतकं सरळ नसतं."

त्यांच्याकडे दारूवाल्याला बायको घेऊन येते, गांजावाल्याला आई. तोही उशिरा येतो, कारण गांजा ओढणारा मारहाण करत नाही, गटारात पडत नाही, नुसता खोलीत बसतो. इंजिनीअरिंगचे विषय राहतात, मित्र तुटतात, मग एक दिवस तो म्हणतो की शेजारचे माझ्यावर पाळत ठेवताहेत. प्रत्येकाचं असं होत नाही. गांजा करून पाहणाऱ्यांपैकी दहातला एखादा अडकतो, पौगंडावस्थेत सुरुवात केली तर सहातला एक, असे साधारण अंदाज जगभर दिले जातात. घराण्यात मनोविकार असेल, वय कमी असेल आणि माल जहाल असेल, तर धोका चढत जातो.

"आणि माल बदललाय," बाई म्हणाल्या. पूर्वीची पुडी म्हणजे बिया-काड्यांसकटचा गावठी गांजा. आता पोरं 'हायड्रो' म्हणतात. मातीविना, दिव्यांखाली, मादी रोपांवर वाढवलेला, टीएचसी कितीतरी पट. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांतून तो किलो-किलोने पकडल्याच्या बातम्या आता आठवड्याच्या झाल्यात. बंदीमुळे जहाल माल येतो असं म्हणावं, तर हा माल जिथे बंदी उठली त्या देशातून येतोय.

बँकॉक, टोरंटो, माँट्रियल

थायलंडमध्ये ९ जून २०२२ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला. तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन यांनी निवडणुकीत शेतकऱ्यांना नवं पीक देण्याचं वचन दिलं होतं. सरकारने दहा लाख रोपं वाटली. नियंत्रणाचा कायदा मात्र संसदेत अडकला. आधी दार उघडलं, चौकट नंतर बसवू म्हणाले, ती बसलीच नाही. पर्यटकांच्या गल्ल्यांमध्ये हिरव्या पानाचे निऑन दिवे लागले. शेतकऱ्याला काय मिळालं? बंद खोल्यांतल्या मोठ्या उत्पादकांशी आणि चोरट्या आयातीशी स्पर्धा. जून २०२५मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ला कायदा करून, तयारीनिशी दुकानं उघडली. पण प्रांताप्रांतात फरक आहे आणि शिकण्यासारखं तिथे आहे. ऑन्टारिओत घाऊक माल सरकारी कंपनीकडे, किरकोळ दुकानं खाजगी. माझा आतेभाऊ मिसिसागाला असतो. तो म्हणाला, "अरे, आमच्या कोपऱ्यावर किराण्याची दुकानं कमी आणि ही जास्त झाली होती. एकमेकांच्या उरावर उघडली, मग पटापट बंद पडली." शेजारच्या क्विबेकमध्ये दुकानं सरकारचीच, वयाची अट २१, आणि गोळ्या-चॉकलेटसारखा मुलांना भुलवणारा माल विकतच नाहीत. खाण्याचे गांजापदार्थ कायदेशीर झाल्यानंतर चुकून ते खाऊन इस्पितळात दाखल झालेल्या लहान मुलांचं प्रमाण इतर मोठ्या प्रांतांत क्विबेकपेक्षा बरंच जास्त वाढलं, असं तिथल्या संशोधकांना आढळलं. कायदा एकाच देशाचा. फरक पडला तो दुकान कुणी मांडलं आणि फळीवर काय ठेवलं, यामुळे.

उज्जैनचा कंटाळवाणा ठेकेदार मला इथे आठवला. मोबाइलचं दुकान बरं वाटावं इतपतच नफा त्या धंद्यात असावा.

दोन रुपयांचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत नसतं. देशी प्यायची तर एका दिवसाचा दोन रुपयांना, विदेशी तर पाच रुपयांना. तीव्र दारूसाठी वयाची अट २५, बिअर-वाइनसाठी २१. बारमधले वेटर गठ्ठ्याने परवाने फाडून ठेवतात आणि कुणाच्या नावावर काय लिहिलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. आपल्याकडचं 'नियमन' प्रत्यक्षात हे असं दिसतं, म्हणून गांजाच्या बाबतीत 'कायदेशीर करून नियमन करा' असं कुणी म्हटलं की मला तो गठ्ठा दिसतो.

दुसरं म्हणजे तिजोरी. १९९३पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी फसली, चोरटी दारू वाढली, हे कारण. डॉ. अभय बंग यांनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला. अंमलबजावणी सुधारायची सोडून सरकार दुकानं उघडतंय, हा त्यांचा रोख. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच, जानेवारी २०२२मध्ये, मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अण्णा हजारे उपोषणाला निघाले आणि तो निर्णय बारगळला. द्राक्ष उत्पादकांचं भलं, असं सरकार म्हणत होतं. मी बंगांइतका बंदीवादी नाही. पण उत्पन्नाची चव लागलेलं खातं आपलं गिऱ्हाईक कमी व्हावं म्हणून झटेल, हे मलाही पटत नाही. गांजाचा महसूल राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल, तर पाच-दहा वर्षांत तोही किराणा दुकानात येईल, आणि शेतकऱ्याचंच नाव घेऊन येईल.

तेव्हा माझ्यापुरतं मी ठरवलंय ते असं: ओढणाऱ्याला आणि दारात दोन झाडं लावणाऱ्याला धरू नये. विक्री करायचीच तर क्विबेकसारखी सरकारी, भांगेच्या ठेक्यासारखी रूक्ष, बिनजाहिरातीची, टीएचसीला कमाल मर्यादा घालून. मिळणारा पैसा उपचारकेंद्रांना बांधून. खाजगी साखळी दुकानं नकोत. एवढं जमणार नसेल तर पहिल्या वाक्यावर थांबावं, आणि तेही थोडं नाही.

नीमचचा पट्टा

लागवडीचं काय, हे उरतं. उत्तराखंडने २०१८पासून औद्योगिक हेम्पला परवाने दिले, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असण्याच्या अटीवर, म्हणजे नशेच्या कामाचं नाहीच. हिमाचलने समिती नेमून आता दोन कृषी विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यास दिलाय. पण लहान शेतकऱ्याकडून, सरकारी पहाऱ्यात, नशेचं पीक काढून घ्यायचा चालू अनुभव देशात एकाच गोष्टीचा मोठा आहे: अफूचा. म्हणून उज्जैनहून पुढे नीमचकडे गेलो.

मंदसौर-नीमच पट्ट्यात केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो अफूचे 'पट्टे' देतो. पट्टा दहा आरींचा, म्हणजे एका हेक्टरचा दहावा भाग. गावात एक मुखिया, त्याच्याकडे नोंदी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडाला चिरा लावायचा, दुसऱ्या सकाळी चीक खरवडायचा, रोजचं वजन लिहायचं. एप्रिलमध्ये तोल. सगळी अफू सरकारलाच द्यायची, सरकारी भावाने. हेक्टरी मॉर्फीन ठरलेल्या आकड्याखाली गेलं, अलीकडच्या धोरणांत तो ४.२ किलो आहे, तर पुढच्या वर्षी पट्टा धोक्यात. गारपिटीचं कारण चालतं, पण ते सिद्ध करावं लागतं. आता चिरा न लावता अख्खं बोंड सरकारजमा करायचे पट्टेही निघालेत, गळती कमी व्हावी म्हणून. गळती आहेच. सरकारी भाव आणि चोरट्या बाजाराचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असल्यावर ती राहणारच.

मी गेलो तेव्हा शेतं रिकामी होती आणि लोक नव्या धोरणाची वाट बघत होते. ते पेरणीच्या तोंडावर जाहीर होतं. चहाच्या टपरीवर वडिलांपासून पट्टा असलेले एक बाबा भेटले. लग्न जमवताना मुलाकडे पट्टा आहे का, हे विचारतात इकडे, असं ते अभिमानाने सांगत होते. उद्या गांजाचे असेच पट्टे निघाले तर घ्याल का, असं मी विचारलं.

"नही लेंगे," बाबा म्हणाले. अफूला चिरा लावणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून आमचा पट्टा टिकलाय. गांजा बांधावरही येतो. सरकारने भाव पाडला तर विकणार कुणाला? मग त्यांनी मलाच विचारलं, "और ये पट्टा देंगे किसको? जिसके पास जमीन का कागज है, उसी को ना?"

शिरपूरच्या पाड्यावरच्या दाव्यात अडकलेल्या जमिनींचं मी त्यांना सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, त्यांना सांगा, आधी कागद मागा.